बी बारा

“मी व्हीगन झालेय,” असं आमच्या कन्येनं जाहीर केलं तेव्हा मी दाढी करत होतो, आणि मला “मी विघ्न झालेय” असं ऐकू आलं. ही गोष्ट मला गेलं वर्षभर माहीतच होती, त्यामुळे मी दाढी चालू ठेवली.

खुलासा न्याहारीला झाला. दूध नाही, दही नाही, लोणी नाही, अंडं नाही, मध नाही.

“मध का नाही?” मी विचारलं.

“तो मधमाश्यांचा असतो.”

“मग गहू काय माझा असतो?”

माझ्या मते हा मुद्दा बिनतोड होता. कन्येनं त्यावर “हं” म्हटलं आणि कोरडा पाव उचलून ती खोलीत निघून गेली. बायको माझ्याकडे अशी बघू लागली की जणू मधमाश्या मीच पाळल्या होत्या.

या “हं”बद्दल थोडं सांगायला हवं. मी छापखान्यात मुद्रितशोधक आहे. म्हणजे लोक चुका करतात आणि मी त्या शोधतो. लोकांना हे काम कंटाळवाणं वाटतं, पण त्यात एक राजेशाही सुख आहे: दिवसभर दुसऱ्याचं चुकलेलं असतं. इमारतीत मला सगळे “शुद्धलेखन” म्हणतात. तोंडावर “शुद्धलेखनकाका”, पाठीमागे नुसतंच “शुद्धलेखन आलं बघ”. तर अशा शब्दांच्या माणसाच्या वाट्याला, मुलगी पंधराची झाल्यापासून, तिच्याकडून मोजून चार शब्द यायचे: “हं”, “बरं”, “बघू” आणि “काही नाही”. त्यातला “हं” तर माझ्या मते शब्दच नाही, विरामचिन्ह आहे. आईशी ती तासन् तास बोलायची, मैत्रिणींशी फोन गरम होईपर्यंत बोलायची, आणि मी खोलीत शिरलो की पूर्णविराम.

व्हीगनपणाचं हे प्रकरण आठ दिवसांत हवेत विरेल असा माझा अंदाज होता. तसं झालं नाही, कारण मध्ये पोहण्याचे सर आले.

कन्या शाळेच्या पोहण्याच्या संघात होती. होती म्हणजे काय, तिचा जीव होता त्या तलावात. घरात कायम एक ओला टॉवेल आणि क्लोरिनचा वास असायचा, आणि हा वास नसेल तर मुलगी आजारी आहे असं आम्ही समजायचो. मोठ्या स्पर्धा तोंडावर आल्या होत्या आणि तलावावर तिला एकदा चक्कर आली. सरांनी चौकशी केली, आहार ऐकला आणि मला बोलावून घेतलं.

“पाला खाऊन कोणी पोहतं का?” सर म्हणाले.

“कासव,” माझ्या तोंडून निघून गेलं.

सरांना विनोद कळत नसावा. त्यांनी शिट्टी गळ्यात नीट केली आणि सांगितलं की डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा, नाही तर संघातून नाव काढतो. शिवाय कार्यालयातला आरोग्याचा फॉर्म पुन्हा भरा.

कार्यालयातल्या फॉर्मवर छापलं होतं: “आहार: शाकाहारी / मांसाहारी (नको ते खोडा).” आता आमची मुलगी मांसाहारी नव्हती हे उघड होतं, पण शाकाहारी लिहिलं तर दूध आलं. मी सवयीनं खिशातलं लाल पेन काढलं, दोन शब्दांच्या मध्ये नाजूकशी काकपदाची खूण केली आणि वर तिसरा शब्द सुवाच्य अक्षरात लिहिला.

“खाडाखोड चालत नाही,” कारकून म्हणाले.

“ही खाडाखोड नाही. ही दुरुस्ती आहे.”

“मग दुरुस्तीवर मुख्याध्यापकांची सही आणा.”

मुख्याध्यापक म्हणाले, सही करायला हरकत नाही, पण “नको ते खोडा” ही सूचना आधी पाळा. मी दोन्ही खोडले. कारकुनांनी फॉर्म बराच वेळ न्याहाळला. “शाकाहारी नाही, मांसाहारी नाही. मग मुलगी खाते तरी काय?” ते म्हणाले आणि त्यांनी त्यावर “अपूर्ण” असा शिक्का मारला. मला! ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर शेरे मारले, त्याच्या कागदावर शिक्का! आणि शिक्क्यातला “र्ण”चा रफारही उडालेला होता. मी घरी आलो तो पेटूनच.

घरी मायलेकींची चर्चा चालू होती. चर्चा म्हणजे बायको बोलत होती.

“रक्त तपासून घेऊ,” ती म्हणत होती. “सगळं ठीक निघालं तर खा काय खायचं ते. नाही निघालं तर दूध सुरू. त्याशिवाय मी तुला पाण्यात उतरू देणार नाही.”

“मग मी पोहणं सोडीन,” कन्या म्हणाली.

ती रडली नाही, ओरडली नाही. मान खाली घालून शांतपणे म्हणाली. ओल्या केसांनी झोपणारी ही पोरगी पोहणं सोडील म्हणते, म्हणजे हे खूळ नव्हे. एरवी मी बायकोच्या बाजूनं मान डोलावली असती. पण डोळ्यासमोर तो शिक्का होता, ती शिट्टी होती. मी हात वर केला आणि गरजलो, “कोणी काही सोडणार नाही! आजपासून या घरात पोषण हा माझा विभाग!”

बायकोनं कपाळाला हात लावला. कन्येनं मात्र मान वर करून पाहिलं. “बरं,” ती म्हणाली. पण हे “बरं” जरा वेगळं होतं, आतून भरलेलं.

विभागाचं पहिलं कार्य म्हणजे टोफू. सोयाबीन भिजवायचं, वाटायचं, गाळायचं, उकळायचं, नासवायचं आणि फडक्यात बांधून वजनाखाली दाबायचं, एवढं सोपं काम. उकळताना ते उतू गेलं, शेगडीखाली शिरलं आणि तिथेच कायमचं राहायला गेलं. उरलं ते मी बांधलं. वजन काय ठेवायचं? घरातली सर्वांत जड वस्तू म्हणजे माझा शब्दकोश. मी तीन खंड रचले आणि झोपलो. सकाळी टोफू खोडरबरासारखा झाला होता, चवीलाही, आणि शब्दकोशाचा “प” ते “म” हा खंड पाणी पिऊन फुगला होता. “पोषण” हा शब्द मी आजही उघडला तर सोयाबीनचा वास येतो.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरच्या काकूंना लोकांच्या घरात काय शिजतं हे त्यांच्या आधी कळतं. त्या लगेच खाली आल्या.

“अहो शुद्धलेखन, पोरीला एक चमचा लोणी तरी द्या. लोणी म्हणजे काही दूध नव्हे.”

“काकू, ते दुधाचंच असतं.”

“पण दूध राहतं कुठे त्यात? बरं, अंडं? कोंबडीनं आपखुशीनं दिलेलं असलं तर?”

“ती आपखुशी ठरवायची कशी?”

“अंडं दिल्यावर ती ओरडते ना, ते काय उगीच?” काकू म्हणाल्या. जाता जाता त्यांनी लोखंडाची एक जुनी किल्ली दिली आणि ती भाजीत उकळायला सांगितली, म्हणजे रक्त वाढतं. किल्ली कशाची होती ते त्यांनाही आठवत नव्हतं.

तळमजल्यावर बँकवाले राहतात. बँकेतून निवृत्त झालेत, पण अजून दार उघडताना आधी फटीतून पाहतात आणि मग विचारतात, “काय काम आहे?” त्यांचं म्हणणं पडलं की हे सगळं वयाचं असतं. त्यांच्या मुलानं म्हणे पंधराव्या वर्षी बूट सोडले होते.

“मग?”

“मग काय, थंडी आली,” बँकवाले म्हणाले.

रक्त तपासलं गेलं आणि एके दिवशी दुपारी छापखान्यात डॉक्टरांचा फोन आला. आमचे डॉक्टर चांगले आहेत, फक्त त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. पूर्वी त्यांच्या दवाखान्याच्या पाटीवर “वेळ: सकाळी टेन ते वन” असं लिहिलेलं होतं. मी खोकल्यासाठी गेलो होतो, पण ती पाटी पाहून माझा खोकला पळाला आणि मी त्यांना अर्धा तास सुनावलं. “डॉक्टर, औषधांची नावं परकी असू द्यात, पण निदान आकडे तरी आपले ठेवा!” त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की त्या दिवसापासून नेमच केला. त्यांच्याकडे ब्लडप्रेशर एकशे तीस-ऐंशी असतं, ताप एकशे दोन असतो. मला याचा फार अभिमान होता.

तर फोन आला तेव्हा छपाईयंत्र धडधडत होतं. मी एक कान बोटानं बंद केला.

“बाकी ठीक आहे हो!” डॉक्टर ओरडत होते. “प्रोटीन बरं आहे, लोह जरा वाढवा. पण तिला बी बारा! ऐकताय? बी बारा! रोज! नीट चघळून खायला सांगा! चुकवलं तर हातापायाला मुंग्या येतील, चक्कर येईल. पुन्हा रक्त तपासू. वर आलं तर सर्टिफिकेट देतो, नाही आलं तर पोहणं बंद. चिठ्ठी घरी पाठवतोय!”

मी फोन ठेवला आणि वाक्य मनात लावून पाहिलं. बी बारा. नाम आधी, संख्या मागून. वाण्याच्या यादीची हीच रीत असते: साबण चार, काडेपेट्या दोन. अनेकवचन चुकलं होतं. “बिया” हवं होतं. पण डॉक्टर माणूस घाईत असतो, म्हणून मी मनातल्या मनात दुरुस्त केलं: बिया बारा. आता बारा दाणे की बारा प्रकार? बारा दाण्यांनी चिमणीचंही भागणार नाही, तेव्हा प्रकारच. शिवाय चघळून खा म्हणाले. सगळं कसं जुळत होतं. चुकीचा अर्थ इतका नीट जुळतो हे मला माझ्या धंद्यानंच शिकवायला हवं होतं.

संध्याकाळी मी परस्पर वाण्याकडे गेलो. तीळ घेतले, पांढरे आणि काळे. दोन झाले. भोपळ्याचं बी, सूर्यफुलाचं बी, खसखस, मोहरी, मेथी, बडीशेप. “जवस आहे?” आहे. “अळशी?” आहे. वाण्यानं दोन पुड्या बांधल्या. मी दहा मोजले आणि सहज पाहिलं, तर दोन्ही पुड्या एकाच डब्यातून निघाल्या होत्या.

“हे एकच आहे!”

“तुम्ही जवस मागितलं, जवस दिलं,” वाणी शांतपणे म्हणाला. “अळशी मागितली, अळशी दिली. एकाला दोन नावं तुम्हीच ठेवलीत.”

समानार्थी शब्दांनी माणूस असा दिवसाढवळ्या लुबाडला जाऊ शकतो याची मला कल्पना नव्हती. म्हणजे नऊच. मी पिशव्या छातीशी धरून घरी पोचलो आणि दारातूनच ओरडलो, “घाबरू नका, उपाय सापडला! बी बारा!”

मायलेकी टेबलाशी बसल्या होत्या. “हो, आत्ताच डॉक्टरांची चि—” बायको बोलायला लागली आणि माझ्या हातातल्या पिशव्या पाहून थांबली. मी एकेक पुडी टेबलावर मांडली आणि व्याकरणासकट सगळा उलगडा करून सांगितला. बायकोचा चेहरा लाल झाला. “अहो, ते बी म्हणजे—” ती म्हणाली आणि एकदम “आई गं” करून तिनं आपलं पाऊल चोळलं. मी म्हटलं, “मध्ये बोलू नकोस. पोषण कोणाचा विभाग आहे?”

“तुझा, बाबा,” कन्या म्हणाली. “उद्यापासूनच सुरू करू.”

उरलेल्या तीन बियांनी मला घाम फोडला. कलिंगडाचं बी हवं होतं. मी इमारतीच्या सूचनाफलकावर चिठ्ठी लावली: “कलिंगड खाणाऱ्यांनी बी टाकू नये. दुसऱ्या मजल्यावर आणून द्यावं.” चार दिवसांत दाराशी वाट्या, डबे, कागदाचे पुडे जमू लागले. काही बिया धुतलेल्या होत्या, काहींबरोबर मुंग्या आल्या होत्या, आणि एका वाटीत दोन बिया आणि एक दुधाचा दात होता. तो कोणाचा ते अजून कळलेलं नाही. खरबुजाचं बी छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्यानं दिलं. अकरा झाले. बारावं मिळेना. काकू आंब्याची कोय घेऊन आल्या.

“काकू, ही कोय आहे.”

“मग कोय म्हणजे कोण? बीच की.”

“कोय, आठळी, चिंचोका, सरकी, यांना भाषेनं वेगळी नावं दिली आहेत.”

“भाषेनं दिली असतील, झाडानं दिलीत का?” काकूंनी विचारलं. तरीही मी कोय नाकारली आणि शेवटी राजगिऱ्यावर निभावलं.

आणि मग सुरू झाल्या आमच्या सकाळी. मी सगळ्यांच्या आधी उठायचो, कढई ठेवायचो आणि एकेक बी वेगळं भाजायचो, कारण मोहरी उडते, खसखस करपते आणि भोपळ्याचं बी तुमच्याकडे पाहत बसतं. पहिल्या दिवशी मोहरी उडून माझ्या चष्म्याच्या आत गेली. दुसऱ्या दिवशी धुरामुळे शेजाऱ्यांनी बादलीभर पाणी आणलं, आणि आणलंच आहे म्हणून ओतलंही. पण हळूहळू हात बसला. बाराही एकत्र करून मी कन्येसमोर वाटी ठेवायचो आणि समोर बसायचो. डॉक्टरांनी नीट चघळायला सांगितलं होतं ना.

आता दोन चमचे बिया चघळायला वेळ लागतो. माणूस उठून जाऊ शकत नाही. तोंड भरलेलं असतं म्हणून फोनवर बोलू शकत नाही. पहिले काही दिवस ती नुसतीच रवंथ करत माझ्याकडे बघायची. मग एका सकाळी, मधल्या एका घासानंतर, म्हणाली, “बाबा, वळताना माझा श्वास तुटतो.”

मी दचकलो. हे पूर्ण वाक्य होतं. कर्ता, क्रियापद, सगळं.

“कुठे वळताना?” मी अतिशय बेतानं विचारलं, जसं खिडकीत बसलेल्या पाखराजवळ जावं तसं.

मग तिनं सांगितलं, तलावाच्या भिंतीशी कोलांटी कशी घेतात, पाय कधी मारतात, नाकात पाणी कसं जातं. दुसऱ्या दिवशी एका मैत्रिणीनं बोलणं टाकल्याचं सांगितलं. तिसऱ्या दिवशी, सर शिट्टी गळ्यात घालूनच झोपत असतील का, यावर आम्ही दोघं इतके हसलो की बाराही बिया टेबलभर झाल्या. आणि एकदा मी विचारलं, “हे तुझ्या डोक्यात आलं तरी कुठून?” तेव्हा तिनं आधी घास संपवला.

“सहलीला गोठा दाखवायला नेलं होतं,” ती म्हणाली. “तिथे एक वासरू माझं बोट चोखत होतं. सगळ्या मुली म्हणाल्या, किती गोड. मी पण म्हटलं. पण त्याला बोट नको होतं ना, बाबा.”

ही मुलगी एवढा विचार करत होती आणि मी मधमाश्यांवर विनोद करत बसलो होतो. मी तिच्या वाटीत उगीचच आणखी थोडे तीळ घातले.

मी आनंदात होतो, आणि आनंदात माणूस उपदेश करतो. जिन्यात भेटेल त्याला मी बी बाराचं माहात्म्य सांगू लागलो. बँकवाल्यांनी पायाला मुंग्या येतात म्हणून फटीतून तक्रार केली, तेव्हा मी त्यांना डबा भरून बिया दिल्या. काकूंनी घेतल्या नाहीत. “मला नको, मला गोळी आहे,” त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून वर पळाल्या. मला वाटलं, बिचारीचं पोट बिघडलं असेल. औषधाच्या दुकानदारानंही एकदा मला रस्त्यात थांबवलं, “काय, बी कसं काय चाललंय?” म्हणून विचारलं आणि उत्तर न ऐकताच दुकानात शिरून काउंटरखाली वाकला. कीर्ती पसरली म्हणायची!

बँकवाल्यांची कवळी भोपळ्याच्या बीनं दुभंगली. त्यांनी दोन्ही तुकडे रुमालात बांधून मला दाखवायला आणले. मी म्हटलं, “साल काढायची असते.” त्यांनी काही उत्तर दिलं, पण कवळी रुमालात असल्यामुळे ते शुद्ध नव्हतं.

पुन्हा रक्त द्यायचा दिवस आला. मला आदल्या रात्रभर झोप नाही. कारण आकडा वर आला नसता तर सर्टिफिकेट नाही, सर्टिफिकेट नाही तर पोहणं नाही, आणि मग ती सकाळची वाटीही नाही. बायको मात्र निवांत घोरत होती. बायकांना विज्ञानाची काळजी नसते असं मी मनात नोंदवलं. आता ते खोडलं आहे.

रिपोर्ट घेऊन आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी कागद दिव्याखाली धरला.

“वा!” ते म्हणाले. “बी बारा फक्कड वर आलंय! पोहू दे बिनधास्त. खाऊ दे तिला काय खायचं ते. कमाल केलीत.”

मला वाटलं, आता मी छताला लागणार. मी बायकोकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, भिंतीवरच्या फुप्फुसांच्या चित्राकडेही पाहिलं. “त्यात काय,” मी म्हटलं, “नेम चुकवला नाही, एवढंच.”

“कोणतं देताय?” डॉक्टरांनी पेन उघडत विचारलं.

“सगळी. बाराच्या बारा.”

“बारा?” त्यांचा चष्मा नाकावर आला. “रोज? अहो, एक पुरे की!”

“एकानं काय होणार, डॉक्टर? दातालाही लागत नाही.”

“पण म्हणजे एकूण किती देता?”

“दोन चमचे.”

“चमचे?” डॉक्टर उभे राहिले.

“सपाट. भाजून.”

“भाजून?”

मी पिशवीतून डबा काढला. डॉक्टरांना भेट द्यायचा म्हणून खास भरून आणला होता, बाराही बियांचे थर वेगवेगळे दिसतील असा. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला, एक सूर्यफुलाचं बी बोटांत धरून पुढून मागून पाहिलं.

“हे काय आहे?”

“बी,” मी म्हटलं. “बारा.”

डॉक्टर खाली बसले आणि खुर्चीसकट भिंतीकडे वळले. त्यांचे खांदे हलू लागले. मला वाटलं झटका वगैरे आला. मी पाणी आणायला उठणार तेवढ्यात ते वळले, डोळे पुसले आणि कित्येक दिवसांचा नेम मोडून म्हणाले, “शुद्धलेखन! अहो, बी ट्वेल्व्ह! व्हिटॅमिन! गोळी असते हो त्याची!”

मी उठता उठता परत बसलो. व्हिटॅमिन बी ट्वेल्व्ह मला माहीत होतं. अक्षरशः शेकडो वेळा मी ते तपासून छापायला सोडलं होतं. आणि आकडे आपले ठेवा हे सांगणारा कोण? मीच. एवढ्या वर्षांत मी हजारो चुका पकडल्या असतील, पण इतकी सुबक, इतकी निर्दोष चूक माझ्या पाहण्यात आली नव्हती.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. “थांबा. मग आकडा वर आला कसा?”

बायको पंख्याकडे पाहू लागली. कन्येनं दप्तराचा कप्पा उघडला आणि गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी टेबलावर ठेवली.

“चिठ्ठी त्याच दिवशी आली होती,” बायको पंख्याला म्हणाली. “गोळ्या मी संध्याकाळीच आणल्या. सांगणार होते हो, पण हिनं टेबलाखाली माझा पाय चेचला. दोन दिवस लंगडत होते.”

“आणखी कोणाला माहीत होतं?”

“तसं कोणालाच नाही. म्हणजे औषधवाला, वरच्या काकू, जुळारी...”

“बँकवाले?”

“ते सोडून,” बायको म्हणाली.

डॉक्टरांनी सर्टिफिकेट लिहून दिलं. “तंदुरुस्त”मधला “रु” त्यांनी दीर्घ काढला होता. लाल पेन मी खिशातच राहू दिलं.

शाळेत सर्टिफिकेट जोडून फॉर्म दिला, कारकुनांनी घेतला, सरांनी संघात नाव लावलं. सगळं मनासारखं झालं होतं आणि मी जिन्यात कोणाला तोंड दाखवू शकत नव्हतो. घरी येऊन डबा माळ्यावर टाकला, कढई घासून पालथी घातली. पोषण विभाग मी मनातल्या मनात बरखास्त केला. वाईट कशाचं वाटत होतं, तर हसं झाल्याचं नव्हे. हशाची मला सवय आहे. वाईट याचं वाटत होतं की त्या बियांमुळे ती बोलायला लागली असं मी समजत होतो, आणि पोरगी तर बिचारी बापाची कीव करून तोंड हलवत बसली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात नुसताच वर्तमानपत्र घेऊन बसलो. पहिल्याच पानावर तीन चुका होत्या. त्या मोजायचीही इच्छा होईना. कन्या आली, पट्टीतून गोळी काढली, तोंडात टाकली. कडकन एक आवाज झाला आणि गोळी संपली. मी वर्तमानपत्र उंच धरलं.

ती जाईना. “बी कुठेय?” तिनं विचारलं.

“आता त्याची काय गरज आहे? गोळी आहे ना,” मी वर्तमानपत्रामागून म्हटलं.

“बाबा,” ती म्हणाली आणि खुर्ची ओढून समोर बसली, “गोळीला दोन सेकंद लागतात. दोन सेकंदांत काय बोलून होणार?”

मी स्टूल घेऊन माळ्यावर चढलो. मोहरी त्या दिवशी चांगलीच करपली, आणि शेजारी बादली घेऊन दारात हजर झाले. मी छापखान्यात ओल्या कपड्यांनी आणि अतिशय उशिरा पोचलो.